मुळासकट गेला नाही हो!

(सोलापुरात महिला मंडळात केसगळतीच्या घरगुती उपायांवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आत येताना एका काकूंनी माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. उघडली तर केसांचा गुंता. "आज सकाळच्या फणीचे," म्हणाल्या. त्यातलाच एक केस मी या काळ्या पर्सवर ठेवते. पुढच्या रांगेला दिसेल, एका टोकाला खसखशीहून बारीक पांढरा ठिपका आहे. हा दिसला की आपण कपाळावर हात मारतो, 'मुळासकट गेला' म्हणून. तसं नसतं हो. मूळ कातडीत शाबूत आहे. ठिपका म्हणजे त्या केसाचं आयुष्य संपल्याची खूण. डोक्यावर साधारण 1 लाख केस. एकेक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि पडतो. रोजचे 50 ते 100 हा धरलेलाच खर्च.

ज्याला ठिपका नाही, नुसता आखूड तुकडा आहे, तो केस तुटलेला. आपले बहुतेक घरगुती उपाय खरे याच्याच कामाचे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं, म्हणून न्हाण्याआधी चोपडलं तर धुताना केसाची झीज कमी होते. भिजवलेल्या मेथीचा किंवा जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत लेप केसावर थर धरतो, गुंता सुटतो, फणीत केस कमी तुटतो. चांगलंच आहे. पण त्यानं नवीन केस उगवत नाही. आणि घट्ट अंबाड्यानं कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले असतील, तर आधी अंबाडा सैल करा, लेप नंतर.

ठिपकेवाले केस मुठीनं येत असतील तर डोकं नको, कॅलेंडर बघा. दोन-तीन महिने मागं जा. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासतापास, काहीतरी सापडतं. मला कॉलेजात असताना टायफॉइड झाला. तीन महिन्यांनी वेणी निम्मी झाली. आईनं रोज कांद्याचा रस चोळला, वर्गात माझ्या शेजारी कुणी बसेना! केस आले, श्रेय कांद्याला. आई आजही तसंच सांगते, मी वाद घालत नाही. पण ते केस तसेही येणारच होते.

कांद्याला अगदीच आधार नाही असंही नाही. बगदादच्या डॉक्टरांनी 2002 साली 23 जणांवर तो वापरून पाहिला, सहा आठवड्यांत 20 जणांना केस आले. फक्त ते सगळे चाईचे रुग्ण होते, गोल चकती पडते ती चाई. आणि चाई पुष्कळदा आपोआपही भरते. भांग रुंद होत चाललेल्या बाईला हा आकडा लागू नाही. रसानं टाळू भाजून आलेल्या मुली मात्र मी पाहिल्यात. लिंबू चोळून आपल्या सोलापूरच्या उन्हात जाणं तर त्याहून वाईट.

मुळाला लागतं ते रक्तातून येतं. चहावर दुपार काढणाऱ्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात, रक्त तपासलं की लोह कमी. कडक भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी हे सगळं ठीक, पण जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातलं लोह अंगी लागत नाही. तास-दीड तास थांबा. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देतो, ते इतर वेळीही खावेत. गरोदरपणी मात्र हळीव देत नाहीत. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड तपासून घ्या.

पुडीवाल्या काकू, दिवाळीच्या सुमारास काही दुखणं? डेंग्यू? बरं. जरा इकडे उजेडात या. भांगाच्या कडेला ही उभी लव दिसते का, शेजारच्या ताई? टोकं बघा, निमुळती आहेत, तुटल्यासारखी बोथट नाहीत. हे नवीन केस. दिवाळीनंतरचे.