बोचरा ट्रेबल मऊ कसा करायचा? गिटारचे पिकअप आणि त्यांची चुंबकं

(ब्रिज पिकअप, क्लीन आवाज. पहिल्या तारेवर चार-पाच स्वर.)

ऐकलंत? तार नवी आहे, गिटार नीट जुळवलेली आहे, स्वर जागेवर आहे. तरी आवाज कानाला बोचतोय. पिक तारेला लागतं त्या क्षणी काच तडकल्यासारखं काहीतरी आधी ऐकू येतं, आणि स्वर त्याच्या मागून येतो. तोही बारीक, अंगच नसलेला.

नमस्कार. आज या बोचऱ्या ट्रेबलबद्दल, म्हणजे आवाजातल्या वरच्या, तीक्ष्ण भागाबद्दल बोलायचंय. मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे, "ताई, अल्निको टू लावलं की आवाज मऊ होईल ना?" मला ते चुंबक मनापासून आवडतं. पण चुंबक बदलून लोकांना जो फरक हवा असतो, तो बऱ्याचदा चुंबकाच्या हातातच नसतो. तो असतो कॉइलच्या, पॉटच्या (म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या) आणि चक्क केबलच्या हातात. म्हणून चुंबकावर येण्याआधी थोडं थांबूया.

(सुटा पिकअप कॅमेऱ्याजवळ)

हा सिंगल कॉइल पिकअप. मध्ये सहा चुंबकी दांड्या, आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे. वरची पोलादी तार कंप पावते, चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. हे शाळेत शिकलोय आपण. पण इतके वेढे एकत्र आले की कॉइलला इंडक्टन्स येतो. गिटारपासून अँपपर्यंत जाणाऱ्या केबलला कपॅसिटन्स असतो. हे दोघं मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला उचलून धरतात. तिथे आवाजात एक उंचवटा तयार होतो, आणि त्याच्या पुढचं सगळं झपाट्याने उतरत जातं. पिकअपचा स्वभाव म्हणून आपण जे काही ओळखतो, त्यातला फार मोठा भाग म्हणजे हा उंचवटा कुठे आहे आणि किती उंच आहे.

आकड्यांत सांगते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या, थोडक्यात स्ट्रॅटच्या, जातीच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण २.५ हेन्री धरा आणि केबल वगैरे धरून कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड. उंचवटा येतो ४५०० हर्ट्‌झच्या आसपास. जुन्या धाटणीच्या हंबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, ४.५ हेन्री धरले तर तो येतो ३३५० च्या जवळ. भरपूर वेढ्यांच्या, जोरकस हंबकरला ८ हेन्री धरले तर २५०० वर. आता माणसाचा कान. आपला कान सगळ्यांत तीक्ष्ण असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झमध्ये. म्हणजे पिकअप नेमका तिथेच जोर लावतो जिथे कान सगळ्यांत हळवा आहे. बोच येते ती इथून.

त्यात ब्रिज पिकअपची जागा. ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात ती पट्टी, आणि नेक म्हणजे गिटारची मान. ब्रिजजवळ तार जेमतेम हलते, त्यामुळे मूळ स्वर तिथे क्षीण असतो आणि वरचे हार्मोनिक त्या मानाने ठळक. तोच पिकअप नेकजवळ बसवला तर गोड वाटेल. म्हणून पिकअपला दोष देण्याआधी तो कुठे बसलाय ते बघा.

आता माझा एक अनुभव. माझ्या एका गिटारवर मी ब्रिजचा पिकअप दोनदा बदलला. दुसऱ्यांदा तर मुद्दाम सौम्य चुंबकाचा आणला. बोच तशीच. शेवटी मागचं झाकण उघडलं, तर आत व्हॉल्यूमचं पॉट ५०० किलो-ओहमचं. सिंगल कॉइलला सहसा २५० किलो-ओहमचं पॉट लावतात आणि हंबकरला ५०० चं. पॉट म्हणजे सिग्नलला मिळालेली गळतीची वाट. किलो-ओहम जितके कमी, तितकी वाट रुंद. आणि उंचवट्याच्या फ्रिक्वेन्सीवर पिकअपची स्वतःची रोधकता सगळ्यांत जास्त असते, म्हणून गळतीचा फटका तिथेच जास्त बसतो. खर्जाला जवळपास धक्का लागत नाही, उंचवटा मात्र बुटका होतो. मी २५० चं पॉट बसवलं आणि त्या गिटारने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. दोन्ही पिकअप निर्दोष होते.

स्ट्रॅट असेल तर आणखी एक गोष्ट तपासा, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. १९५४ च्या मूळ जोडणीत दोन टोन नॉब आहेत, एक नेकचा आणि एक मधल्या पिकअपचा. ब्रिज पिकअपला टोनच नाही! ज्याला सगळ्यांत जास्त गरज, तोच मोकळा. आजही अनेक गिटारी तशाच जोडलेल्या असतात. आणि टोन नॉब पूर्ण १० वर ठेवला तरी तो थोडी गळती करतच असतो. नेक आणि मधल्या पिकअपवर व्हॉल्यूम आणि टोन अशी दोन पॉटं ओझं टाकतात, दोन २५० मिळून साधारण १२५ किलो-ओहम. ब्रिजवर एकटं व्हॉल्यूम. म्हणजे ब्रिजचा उंचवटा जोडणीमुळेच जास्त ताठ राहतो. पिकअप निवडायच्या पाच जागांच्या स्विचवर एक छोटी वायर डाखली की ब्रिज टोनला जोडला जातो. मग नॉब ७-८ वर आणा आणि ऐका. इथे टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा की ०.०४७ चा, यावर डोकं शिणवू नका. नॉब वरच्या अर्ध्या भागात असताना काम मुख्यतः पॉट करतं. कपॅसिटरचा आकडा ठळक कळतो तो नॉब पार खाली गेल्यावर.

(स्क्रू-ड्रायव्हर हातात)

मग उंची. पिकअप खाली घ्या, आणि ट्रेबलची बाजू, म्हणजे बारीक तारांची, खर्जाच्या बाजूपेक्षा थोडी जास्त खाली. एकदम नको, अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक वेळी वाजवा, आणि अँपचा व्हॉल्यूम पुन्हा आधीइतका करा, नाहीतर कान फसतो. नुसतं हळू झालेलं आपल्याला मऊ झाल्यासारखं वाटतं. पिकअप लांब गेला की पिकचा पहिला टोला बोथट होतो आणि स्वर मागे राहत नाही. दांडीच्या चुंबकांचा पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर आणखी एक दुखणं असतं. चुंबक तारेला स्वतःकडे ओढतं, आणि जाड तारांवर वरच्या फ्रेटला एकाच स्वरात दोन स्वर एकमेकांशी भांडल्यासारखे ऐकू येतात. ट्यूनर बरोबर दाखवतो, तरी गिटार बेसूर वाटते. पिकअप खाली घेतला की ते थांबतं.

केबलचं पटकन सांगते. साध्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड असतात. तीन मीटरच्या जागी सहा मीटरची केबल लावली, तर मघाच्या सिंगल कॉइलचा उंचवटा ५००० वरून ३८०० च्या आसपास उतरतो. वरची झिरमिर जाते, आवाजाला थोडं अंग येतं. वायरलेस वापरत असाल, किंवा गिटारनंतर लगेच बफर (सिग्नलला पुढच्या केबलपासून वेगळं ठेवणारं सर्किट) असलेला पेडल असेल, तर पुढच्या लांब केबलचा हा परिणाम पिकअपपर्यंत पोचत नाही. "वायरलेस घेतल्यापासून आवाज टोचायला लागला" अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

एवढं सगळं करूनही टोला टोचतोच? मग चुंबक. आता मात्र मी सावकाश बोलणार आहे.

अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट, सोबत लोखंड. पिकअपमध्ये नेहमी भेटतं ते अल्निको फाइव्ह. ताकदवान, टोला स्पष्ट, खर्ज घट्ट, वरचा भाग चकचकीत. अल्निको टू त्याहून सौम्य. पिक लागल्यावर आवाज एकदम उसळत नाही, किंचित दबून मग फुलतो. मधला भाग गोल वाटतो, खर्ज जरा सैल. अल्निको थ्रीमध्ये नावात असूनही कोबाल्ट नसतं, आणि नेहमीच्या अल्निकोंमध्ये ते सगळ्यांत दुबळं. सिंगल कॉइलमध्ये त्याचा आवाज मला फार हवाहवासा वाटतो, स्वच्छ आणि तरीही न टोचणारा. अल्निको फोर टू आणि फाइव्हच्या मधलं, कुठेच फार न झुकणारं.

दुबळं चुंबक ट्रेबल कापत नाही, हे नीट ध्यानात घ्या. उंचवटा जवळपास तिथेच राहतो. बदलतो तो टोला. सिग्नल थोडा लहान होतो, त्यामुळे अँपचा पहिला टप्पा कमी ढकलला जातो आणि पिकचा आघात दातासारखा लागत नाही. म्हणून तुमची तक्रार नेमकी कोणती आहे ते आधी ठरवा. धरून ठेवलेला स्वरसुद्धा शेवटपर्यंत चिरका वाटतो? मग पॉट, केबल, कॉइल. फक्त पहिला टोला लागतो आणि पुढचा स्वर छान आहे? मग चुंबक आणि उंची.

आणि "सिरॅमिक म्हणजे कर्कश" हे मला अजिबात पटत नाही. सिरॅमिक चुंबक ताकदवान असतं, आणि ते बहुधा भरपूर वेढ्यांच्या, डिस्टॉर्शनसाठी बनवलेल्या हंबकरमध्ये बसवलं जातं. आपण त्या अख्ख्या पिकअपचा स्वभाव एकट्या चुंबकाच्या माथी मारतो. स्वस्तातल्या अनेक सिंगल कॉइलमध्ये तर चुंबकी दांड्यांऐवजी खाली सिरॅमिकची पट्टी आणि वर पोलादाच्या दांड्या असतात. पोलादामुळे इंडक्टन्स वाढतो, उंचवटा उलट खाली येतो.

हंबकरचा इतिहासही हेच सांगतो. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी हंबकर बनवला, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. त्या काळातल्या बऱ्याच पिकअपवर "पेटंट अप्लाइड फॉर" अशी चिठ्ठी असायची, म्हणून नाव पडलं पीएएफ. लोक आजही त्या आवाजाच्या मागे असतात, पण त्यात एकच ठरलेलं चुंबक नव्हतं. हाताशी असेल ते अल्निको बसवलं जायचं. एकाच नावाचे दोन पिकअप म्हणूनच वेगळे वाजतात.

(उलटा केलेला हंबकर)

हंबकरमध्ये चुंबक घरी बदलता येतं. धातूचं कव्हर असेल तर आधी त्याचं सोल्डर काढावं लागतं. खालचे चार स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. दोन कॉइलच्या मध्ये ही पट्टी आहे. मेणात बुडवलेला पिकअप असेल तर ती चिकटलेली असते, हळूच ढकला, अल्निको ठिसूळ असतं. बाहेर काढण्याआधी तिच्या एका बाजूला पेनाने खूण करा. नवी पट्टी त्याच दिशेने गेली पाहिजे. होकायंत्राने दोघींचं ध्रुव ताडून बघा. उलटी बसली तर हा पिकअप एकटा छान वाजेल, पण दुसऱ्यासोबत लावला की आवाज पोकळ आणि नाकातून आल्यासारखा येईल. आणि अल्निकोची पट्टी सिरॅमिकला चिकटवून ठेवू नका, तिची ताकद कमी होऊ शकते.

पिकअपच नवा घ्यायचा असेल तर डब्यावरच्या किलो-ओहमवर निवड करू नका. वायर ४२ ऐवजी ४३ गेजची, म्हणजे आणखी बारीक घेतली, की कमी वेढ्यांतही ओहम वाढतात. इंडक्टन्स दिला असेल तर तो बघा. ब्रिजच्या सिंगल कॉइलसाठी ३ हेन्रीच्या थोडं वर, अल्निको टू किंवा थ्री, आणि २५० किलो-ओहमचं पॉट, ही जोडी मी डोळे मिटून सुचवेन. हंबकरमध्ये क्लीन आणि हलकं ओव्हरड्राइव्ह वाजवणाऱ्यांनी अल्निको टू घ्यावं. खूप गेन लावत असाल तर टूचा सैल खर्ज पसरून चिखल होतो. तिथे अल्निको फोर घ्या.

आता तीच गिटार, तोच पिकअप, चुंबकाला हातही लावलेला नाही. ब्रिज टोनला जोडलाय, नॉब ७ वर आहे, ट्रेबलची बाजू दोन फेरे खाली, आणि सहा मीटरची केबल. तेच स्वर वाजवते.

(सुरुवातीचेच चार-पाच स्वर. शेवटचा स्वर विरेपर्यंत कॅमेरा तारेवर.)