मैदान, पेपर आणि साक्षांकन नमुना

(सोलापुरातल्या एका अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर एका निवृत्त सहायक फौजदारांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मागं उभे आहेत त्यांनी पुढं येऊन सतरंजीवर बसा. पंखा पुढंच आहे, उगीच दारात घाम गाळू नका.

सुरुवातीला मीच दोन प्रश्न विचारतो. आपला १६०० किंवा ८०० मीटरचा टाइम किती जणांना पाठ आहे? झकास, जवळजवळ सगळे हात वर. आता, आपलं नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, कुठल्या तारखेपर्यंत चालतं हे किती जण सांगतील? बघा. चार हात, आणि त्यातला एक शेजारच्याकडं बघून वर आलाय.

आज मला बोलायचंय ते ह्या दोन उत्तरांमधल्या फरकाबद्दल. तुम्ही तयारी करता, जीव तोडून करता. पहाटे पाचला पार्क स्टेडियमवर आणि विजापूर रोडला तुमचे घोळके मी रोज बघतो. पण तयारीचा क्रम उलटा लागलाय. सगळा जोर मैदानावर, म्हणजे शारीरिक चाचणीवर, उरलेला वेळ पेपरला, आणि कागदपत्रं जाहिरात आल्यावर बघू. खरं तर जाहिरात येते तोवर तुमचं बरंचसं ठरून गेलेलं असतं.

आधी गुणांचा हिशेब करू. शिपाई पदाला मैदान ५० गुणांचं आणि लेखी १०० गुणांची. मैदानावर निम्मे, म्हणजे २५ गुण मिळाले तर तुम्ही पात्र. पण पात्र झालेल्या सगळ्यांनाच पेपरला बोलावत नाहीत. तुमच्या प्रवर्गात जेवढ्या जागा, त्याच्या दहापट उमेदवार मैदानाच्या गुणांवरून वर काढतात. म्हणून २५ वर समाधान मानणाऱ्याला फाटकाबाहेरच राहावं लागतं. इथपर्यंत तुमचं पळणं बरोबर आहे.

आता पुढचं बघा. पेपरला बसलेले सगळेच मैदान मारून आलेले. एकाला ४४, दुसऱ्याला ४२, तिसऱ्याला ४५. त्यांच्यात अंतर पडणार कुठं? शंभरच्या पेपरात. तिथं एकाला ८८ पडतात, दुसऱ्याला ६१. मैदानावरचे दोन गुण वाढवायला तुम्ही सहा महिने घाम गाळता आणि शेकडेवारीची गणितं कच्ची ठेवून दहा गुण सोडून देता. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेमागं शंभर जण. त्या शंभरात चांगलं पळणाऱ्यांची कमी नसते ओ.

पेपरची वेळ ९० मिनिटं आणि प्रश्न शंभर. एका प्रश्नाला ५४ सेकंद. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. यातलं मराठी व्याकरण आपल्या सोलापुरात जरा वेगळं प्रकरण आहे. पूर्व भागातल्या पोराच्या घरी तेलुगू, अक्कलकोटच्या पोरीच्या घरी कन्नड, आणि कट्ट्यावर आपण सगळेच खिचडी बोलतो. बोलायला काही बिघडत नाही. पण प्रयोग ओळखा म्हटलं की कर्मणी आणि भावे यांच्यात गाडी अडते. आमची मराठी कच्चीच आहे म्हणून काही जण तो भागच सोडून देतात. मला उलट वाटतं. व्याकरणाला ठरलेले नियम आहेत, दरवर्षी बदलत नाहीत, आणि परकी भाषा शिकावी तसं पहिल्यापासून शिकणारा माणूस त्यात पुढं जातो. ज्याच्या घरी मराठीच आहे, तो अंदाजानं गोल रंगवतो आणि फसतो. आणि एक सांगून ठेवतो, नोकरी लागल्यावर हेच तेलुगू-कन्नड तुमच्या कामाला येणार आहे. ठाण्याच्या टेबलासमोर रडत आलेल्या म्हातारीशी तिच्या भाषेत बोलणारा शिपाई सगळ्यांना हवा असतो.

सामान्य ज्ञानात १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तीन नवे कायदे नीट करा. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम. जुन्या पुस्तकात अजून भादंवि, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं, कलम ३०२ वाचत बसला असाल तर ते पुस्तक रद्दीत द्या. खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३ आहे.

मैदानाबद्दल मी थोडंच बोलतो, तुमचे सर लोक आहेत त्यासाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० ला पूर्ण २० गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंद, म्हणजे चारशेचा प्रत्येक राउंड सरासरी साडेसत्याहत्तर सेकंदात. मुलींना ८०० साठी २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे राउंडला ८५. पहिला राउंड पासष्टमध्ये काढून तिसऱ्याला लंगडणारे मी ढिगानं बघितलेत. घड्याळ लावून राउंडची सवय करा. आणि डांबरी रस्त्यावर रोज पळू नका, नडगी धरते. एकदा धरली की महिना-दीड महिना हातचा जातो.

गोळ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण फुकटचे गुण तिथं जातात. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, पूर्ण गुणांना साडेआठ मीटर. मुलींचा चार किलोचा, सहा मीटर. पहिली गोष्ट, तुम्ही ज्या गोळ्यानं सराव करता तो किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. वर्षानुवर्षं झिजलेला, कुठून तरी आणलेला गोळा कमी वजनाचा निघतो आणि पोरगं समजतं की आपण नऊ मीटर टाकतोय. दुसरी गोष्ट, गोळा तळव्यात धरायचा नाही. बोटांच्या मुळाशी, जबड्याखाली मानेला टेकलेला हवा, आणि तिथून ढकलायचा. क्रिकेटच्या बॉलसारखा फेकायला गेलात तर खांदा दुखावतो आणि गोळा समोरच पडतो. तिसरी गोष्ट पायाची. गोळा सुटल्यावर तोल जाऊन पाय रेषेपुढं पडला की फाउल. चांगला साडेआठला पडलेला गोळा असा वाया गेला की टेबलामागं बसलेल्या आम्हालाच चुटपुट लागते. गोळा टाकून झाल्यावर जागेवर थांबायची सवय सरावातच लावून घ्या.

मैदानाच्या दिवसांत बाहेर इंजेक्शनं आणि पावडरी विकणारे फिरतात. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशी ओलांडतो. अशा हवेत उत्तेजक घेऊन पळणं म्हणजे काळजाशी खेळ आहे. ह्यावर मी चर्चा करत नाही.

आता कागद. अर्ज भरताना पहिला घोळ घटकाचा, म्हणजे कुठल्या पोलीस दलाकडं अर्ज करायचा त्याचा होतो. सोलापुरात शहर पोलीस आयुक्तालय वेगळं, सोलापूर ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय वेगळं, आणि सोरेगावचा राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक १० तिसरा. राखीव बलाचं मैदानही वेगळं, तिथं पाच किलोमीटर पळावं लागतं. शिपाई पदासाठी अर्ज एकाच घटकात करता येतो. दोन घटकांत भरून 'कुठं तरी लागेल' म्हणणाऱ्याचा घात होतो. घटक निवडताना जागांचा तक्ता उघडा आणि आपल्या प्रवर्गाच्या रकान्यात बोट ठेवून किती जागा आहेत ते बघा. एकूण दोनशे जागा बघून अर्ज भरायचा आणि आपल्या रकान्यात शून्य असायचं, असं होतं बरं का.

दुसरा घोळ समांतर आरक्षणाचा, म्हणजे प्रवर्गातच काही खास गटांसाठी राखलेल्या जागांचा. होमगार्ड, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, खेळाडू, पोलीस पाल्य. सायबर कॅफेतल्या पोरानं विचारलं, 'हे काय करू?' आणि तुम्ही म्हणालात, 'टाक टिक, बघू पुढं.' पडताळणीच्या दिवशी त्या टिकेचा कागद मागतात. नसला तर तिथल्या तिथं विषय संपतो. अर्ज स्वतः भरा. मोबाईलवर का होईना, पण स्वतः.

तिसरा घोळ नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर आजोबांचं आडनाव. आपल्याकडं तेलुगू, कन्नड आडनावं मराठीत लिहिताना हमखास काना-वेलांटी सरकते. लग्न झालेल्या पोरींचं माहेरचं आणि सासरचं. हे सगळं आज दुरुस्त होतं, राजपत्रात नाव बदलून घेता येतं, पण त्याला वेळ लागतो. जाहिरातीत कागदपत्रांसाठी एक ठरलेली तारीख असते. त्या तारखेनंतर निघालेला दाखला तुमच्या हातात कितीही खरा असला तरी चालत नाही. तहसील कार्यालयात रांग लावायला जाहिरातीची वाट कशाला बघायची?

आता ज्यासाठी मी मुद्दाम आलोय ते सांगतो. निवड यादीत नाव आल्यावर तुमच्या हातात साक्षांकन नमुना पडतो. त्यात विचारलेलं असतं की तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, खटला चालू आहे का, निर्दोष सुटलात का. त्यावरून चारित्र्य पडताळणी होते.

आपल्या शहरात मिरवणुका किती निघतात ते तुम्हाला माहीत आहे. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा झाली की पुढं जयंत्या, मग गणपती, मग नवरात्र. डीजेपुढं नाचताना धक्काबुक्की होते, कुणीतरी दगड उचलतो, आणि गुन्ह्यात पंधरा नावं येतात. त्यातली दोन नावं भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची असतात, कारण पहाटे पळून पळून अंगात रग असते आणि मंडळाचे टी-शर्टही त्यांच्याच अंगात. दुसरा प्रकार मोबाईलचा. कुणाची तरी भडकाऊ पोस्ट स्टेटसला ठेवली, रात्रीतून गुन्हा. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे वाक्य मी ठाण्यात इतक्या वेळा ऐकलंय की सांगता सोय नाही.

गुन्हा दाखल झाला म्हणजे नोकरी गेलीच असं नाही. गुन्हा कसला, निकाल काय लागला, हे सगळं बघितलं जातं. पण लपवला तर काय होतं? अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ह्याच विषयावर नियम घालून दिले. त्याचा मथितार्थ असा, की उमेदवारानं दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. अगदी किरकोळ प्रकरण दडवलं असेल तर नोकरी देणारा ते माफ करू शकतो, पण गंभीर बाब लपवली तर निवड रद्द होऊ शकते, आणि खरं सांगितलं तरी निवड करायचीच असं बंधन नाही. म्हणजे खरं सांगून धोका आहेच, खोटं सांगून तो कितीतरी पटीनं मोठा. आणि तुमची माहिती पडताळणारे कोण? पोलीसच. ज्या ठाण्याच्या रजिस्टरात तुमचं नाव आहे, त्याच ठाण्यातून अहवाल जाणार.

म्हणून काही मुलं मला खासगीत विचारतात, 'काका, ते मिटवलंय आम्ही, लिहू का?' लिहा. तडजोड झाली असेल तरी लिहा, निर्दोष सुटला असाल तरी लिहा, आणि निकालाची प्रत जोडा. रकान्यात 'नाही' लिहायला फक्त तोच मोकळा आहे ज्याच्यावर खरंच काही नाही.

निवड होण्याआधीच भाड्याची वर्दी घालून रील टाकणाऱ्या हौशी मंडळींनीही जरा दमानं घ्यावं. लोकसेवकाचा पेहराव घालून तसं भासवणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. नोकरी लागल्यावर वर्दी इतकी घालायला मिळते की सुटीच्या दिवशी तिच्याकडं बघवत नाही.

नोकरीचं विचाराल तर आषाढीला एकदा पंढरपुरात जा आणि दर्शन झाल्यावर परत फिरू नका. बंदोबस्ताला लावलेल्या शिपायाशेजारी तासभर उभे राहा. पावसानं भिजलेले बूट, शिट्टी, 'माउली, पुढं चला' म्हणून बसलेला घसा, हरवलेलं पोर कडेवर, आणि जेवणाचं पाकीट येईल तेव्हा. पाचव्या मिनिटाला कुणीतरी येऊन शौचालय कुठं आहे विचारतं, सहाव्याला दुसरा तेच विचारतो, आणि दोघांना तितक्याच शांतपणे सांगावं लागतं. ते बघून घरी येऊन तुम्हाला अजूनही ही नोकरी हवी असेल तर जरूर करा. बऱ्याच जणांना हवीच असते, मलाही होती.

वयाचंही बोलतो, पालक मागं बसलेत म्हणून. खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३ ही मर्यादा. भरती दर वर्षी ठरल्या महिन्यात निघेल याची खात्री कुणी देत नाही. त्यामुळं तयारी करताना पदवी सोडू नका, शिकलेलं काम सोडू नका. अकॅडमीच्या फीसाठी आईच्या विड्यांचे पैसे घेताय, तर निदान लायब्ररीत बसलेल्या तासांचा हिशेब तिला देत जा. आणि कुणी 'साहेबांशी बोलणं झालंय, पाच लाखांत काम होतं' म्हणालं तर त्याचा चहासुद्धा पिऊ नका.

प्रश्न नंतर घेऊ. जाहिरात कधी येणार हा सोडून कुठलाही विचारा. ज्यांनी कागदांची पिशवी आणलीय त्यांनी खिडकीकडच्या टेबलाला या, एकेकाचं बघतो. दहावीचं प्रमाणपत्र सगळ्यात वर ठेवा, म्हणजे बाकीच्या कागदांवरचं नाव त्याच्याशी ताडून बघता येईल.