ओ बेन, स्टँड!

नमस्कार मंडळी. बोलायला सांगितलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ऑगस्ट २०२४ पासून एकच गोष्ट डोक्यात आहे आणि ती बडोद्याशिवाय सांगता येत नाही, त्यामुळे जे बडोद्याचे नाहीत त्यांनी जरा सांभाळून घ्या.

इथे टोरंटोत गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, शहरात कोण कुणाचं असतं. मला हे अजिबात पटत नाही. गावात लोक धावून येतात कारण तुम्ही अमक्याची सून, तमक्याचा नातू असता, ते छानच आहे, पण शहरात जो धावतो त्याला तुमचं नावसुद्धा माहीत नसतं, परत भेट होणार नाही हेही ठाऊक असतं, तरी तो धावतो. मला हे जास्त अवघड वाटतं आणि म्हणून जास्त मोठंही वाटतं.

रावपुरा, दांडिया बाजार भागात स्कूटर चालवलेल्या कुणालाही विचारा. साइड स्टँड खाली राहिलं की शेजारून जाणारा ओरडणारच, "ओ बेन, स्टँड!" बेन म्हणजे गुजरातीत ताई. ओढणी चाकाजवळ लोंबत असेल तर एखाद्या काकी गाडी जवळ आणून खुणावतात. दिवसा हेडलाइट चालू राहिला तर समोरून येणारा माणूस हाताची मूठ उघडमीट करून दाखवायचा. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालूच असतो, त्यामुळे ती मूठ आता फारशी दिसत नाही, पण स्टँडची हाक शाबूत आहे. सिग्नल सुटतो, तो डावीकडे जातो तुम्ही उजवीकडे, थँक्यू म्हणायलाही वेळ मिळत नाही, आणि त्याला ते नकोच असतं.

आता २०२४ चं सांगते. जन्माष्टमीच्या त्या आठवड्यात बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, पाणी ३७ फुटांच्या आसपास गेलं, समा, फतेगंज, अकोटा सगळीकडे घरात पाणी आणि सोसायट्यांत मगरी. आई समाला, पहिल्या मजल्यावर, एकटी. आधी लाइट गेले, मग तिचा फोन बंद. नातेवाईक सगळे आपापल्या घरात अडकलेले, कुणाला पाठवणार? मी इथे रात्रभर फोन लावत बसलेली.

पहाटे एका अनोळखी नंबरवरून व्हॉइस नोट आली. "बेन, मासी मजामां छे, दूध आपी दीधुं छे, चिंता ना करता." म्हणजे ताई, मावशी ठीक आहेत, दूध दिलंय, काळजी करू नका. मागे ट्रॅक्टरचा आवाज, आणि त्याच्याही मागे वरून ओरडणारी माझी आई, "अरे बाळा, वर ये, चहा तरी घे!" आईचा तो आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले.

नंतर आईने सांगितलं, काही मुलं ट्रॅक्टरवरून दुधाच्या आणि पाण्याच्या पिशव्या वाटत फिरत होती. हिने दोरीला पिशवी बांधून खाली सोडली, आत पैसे आणि एका चिठ्ठीवर माझा नंबर, पुढे काही झालं तर असावा म्हणून. पिशवी वर आली ती दुधासकट आणि पैशांसकट. व्हॉइस नोट पाठवणारा त्यांच्यातलाच एक, निरोप दे असं कुणी त्याला म्हटलंच नव्हतं, चिठ्ठी वाचून त्याला आपणहून सुचलं की हा नंबर जिचा आहे ती काळजीत असणार. मी भलंमोठं उत्तर लिहिलं. त्याच्याकडून अंगठा आला, बस. डीपीवर माणूस नाही, मोटरसायकल आहे.

२०१९ च्या पुरात पीएसआय गोविंद चावडा यांनी दीड महिन्याच्या मुलीला प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर घेऊन पाण्यातून बाहेर काढलं, तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. फोटो निघाला हे चांगलंच झालं. पण दूध देणाऱ्या पोरांचे फोटो कुणी काढले नाहीत आणि माझ्या मते शहर त्यांच्याच जोरावर चालतं.

आणि जे थांबत नाहीत ते सगळे निष्ठुर असतात असंही नाही, बऱ्याचदा भीती असते. भारतात अपघातातल्या माणसाला उचलायला लोक घाबरायचे कारण नंतर पोलिसांचे प्रश्न, कोर्टाच्या फेऱ्या. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर मार्गदर्शक सूचना लागू केल्या आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं, मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. घरी फोन कराल तेव्हा हे जरूर सांगा, खूप जणांना माहीत नसतं.

इथे आपल्याला भीती वेगळी. त्याला आवडेल का, आगाऊपणा होईल का. जानेवारीत नवीन विद्यार्थी येतात, पातळ जॅकेट घालून दोन बॅगा घेऊन बस स्टॉपवर उभे असतात आणि आपण गाडीतून बघत पुढे जातो. आपलं मंडळ मराठी मुलांना एअरपोर्टवरून आणतं, त्याचं मला कौतुक आहे, पण समाच्या त्या पोराने आईला आधी जात-भाषा विचारली नव्हती. म्हणून चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे. ज्यांना गाडी घेऊन जाता येईल त्यांनी नाव आणि कुठल्या वारी जमेल ते लिहा, ज्यांच्याकडे जादा थंडीचे कोट आहेत त्यांनी ते लिहा, आणि येणारं पोर मराठी आहे का गुजराती का आणखी कुणी, हा रकाना मी वहीत ठेवलेला नाही.