ताप येणार हे आत्याला कुणी सांगितलंच नव्हतं

मे २०२४. सकाळी सव्वासातला आत्याचा फोन. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, खटाव तालुक्यातल्या एका लहान गावात असते, शुगर आहे तिला, आणि फोन ती शक्यतो करतच नाही, मिस्ड कॉल देते. त्या दिवशी पूर्ण फोन केला आणि उचलल्या उचलल्या म्हणाली, "आगं ती लस कंपनीनं माघारी घेतली म्हनं. मग आमच्या आंगात गेलीय तिचं काय?"

मी कामावर निघाले होते. "काही होत नाही गं, काळजी नको करू," एवढं बोलून फोन ठेवला. आणि मग दिवसभर मला चैन पडलं नाही, कारण कोविडच्या लशीबद्दल हेच वाक्य तिला २०२१ पासून जो तो ऐकवतोय आणि या वाक्यानेच निम्मा घोळ घातलाय असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आजचा व्हिडिओ. आत्याच्या प्रश्नाचं नीट उत्तर, जेवढं मला खात्रीने माहितीय तेवढं.

आधी ती बातमी काय होती ते बघू. आपण जी कोविशील्ड घेतली ती ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची लस, आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. इंग्लंडमध्ये काही कुटुंबांनी ॲस्ट्राझेनेकावर केस टाकली होती, त्या केसमध्ये फेब्रुवारी २०२४ ला कंपनीने कोर्टात लिहून दिलं की अत्यंत दुर्मिळ केसेसमध्ये या लसीमुळे टीटीएस, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याचा एक आजार, होऊ शकतो. एप्रिलच्या शेवटी ते पेपरात आलं, आणि लगेच ७ मेला युरोपातली त्या लसीची परवानगी संपली, कंपनीने स्वतःहूनच ती मार्चमध्ये परत घ्यायला सांगितली होती, कारण दिलं की आता नव्या व्हेरिएंटसाठीच्या लशी आल्यात, हिला मागणी उरली नाही. सीरमने सांगितलं की आम्ही तर डिसेंबर २०२१ पासूनच कोविशील्ड बनवणं थांबवलंय. पण दोन बातम्या आठवड्याभराच्या अंतराने आल्या आणि व्हॉट्सॲपवर त्याची एकच बातमी झाली: कंपनीने गुन्हा कबूल केला आणि लस बंद केली. त्यात लसीच्या सर्टिफिकेटवरचा पंतप्रधानांचा फोटो तेव्हाच गेला, तो निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे गेला होता पण लोकांनी तेही यात जोडलं. मला नाही वाटत यात लोक मूर्ख आहेत. समोर तीन ठिपके दिसले की माणूस रेघ ओढतोच.

आता टीटीएस म्हणजे काय. आपल्या रक्तात प्लेटलेट असतात, जखम झाली की रक्त थांबवणाऱ्या. काही अगदी मोजक्या लोकांमध्ये ही लस घेतल्यावर शरीर पीएफ४ नावाच्या आपल्याच एका प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, त्या प्लेटलेटना नको तिथे चेतवतात, गुठळ्या व्हायला लागतात, बऱ्याचदा मेंदूतल्या किंवा पोटातल्या शिरांमध्ये, आणि गुठळ्यांमध्ये प्लेटलेट वापरल्या गेल्यामुळे त्यांचा आकडा खाली येतो. हे भयंकर आहे, यात माणसं गेलीत, ते मी कमी करून सांगणार नाही. पण हे होतं कधी, तर बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतर चार-पाच दिवसांपासून ते महिनाभराच्या आत. म्हणजे २०२१ च्या एप्रिलमध्ये पहिला डोस घेतलेल्या माझ्या आत्याला २०२४ मध्ये त्या सुईमुळे टीटीएस होणार नाही. आंगात गेलीय तिचं काय, या प्रश्नाचं हे उत्तर आहे. लस तशीच बसून राहत नाही, काही आठवड्यांत तिचं काम संपतं आणि ती निघून जाते, राहते ती शरीराची आठवण.

आणि मला सगळ्यात जास्त खुपते ती ही गोष्ट: यातलं काहीच २०२४ मध्ये नव्याने कळलेलं नाही. मार्च २०२१ मध्ये युरोपातल्या कितीतरी देशांनी ही लस काही दिवस थांबवली होती, डेन्मार्कने तर एप्रिलमध्ये कायमचीच बंद केली, इंग्लंडने तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायची ठरवलं. आपल्याकडेही सरकारच्या समितीने १७ मे २०२१ ला आकडे जाहीर केले होते, कोविशील्डनंतर गुठळ्यांच्या संशयास्पद २६ केसेस, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. त्याच पत्रकात इंग्लंडचा आकडा ४ आणि जर्मनीचा १० दिलेला होता. लस घेतल्यावर वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, पाय सुजला, सतत डोकं दुखत राहिलं तर लगेच दाखवा, हेही लिहिलेलं होतं. आपला आकडा एवढा कमी का, त्याची दोन उत्तरं असू शकतात, एक म्हणजे इथे प्रमाण खरंच कमी असेल, आणि दुसरं म्हणजे गावाकडे कुणाच्या मेंदूत गुठळी झाली तर ती लसीची केस म्हणून नोंदवणार कोण? मला वाटतं दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

पण ते पत्रक दिल्लीत होतं. आत्याच्या गावातल्या झेडपीच्या शाळेत, जिथे सेंटर होतं, तिथे ते कुणीही वाचून दाखवलं नाही.

तिथलं सांगते. एप्रिल २०२१, दुसरी लाट जोरात. चौथीच्या वर्गात टेबल, बाहेर व्हरांड्यात बाया बसलेल्या. एका कुपीत दहा डोस, आणि कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवायची नाहीतर उरलेलं फेकून द्यायचं, म्हणून माणसं जमेपर्यंत बसवून ठेवायचे. कारण अगदी बरोबर होतं. पण ते कुणी न सांगितल्यामुळे व्हरांड्यात चर्चा काय, तर लस उरलीय, खपत नाही, म्हणून धरून ठेवलंय. शेवटी आत्याला सुई दिली, अर्धा तास बसवली, घरी पाठवली. रात्री एकशे दोन ताप, हुडहुडी, हात वर होईना. तिला वाटलं संपलं आता. तिने गादीखालचे पैसे काढून सुनेच्या हातात दिले. हे मला नंतर वहिनीने सांगितलं तेव्हा मी हसलेही नाही आणि रडलेही नाही, नुसतं सुन्न झाले, कारण लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणं हे इतकं साधं आणि माहितीतलं होतं की शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिता आलं असतं.

सकाळी ताप उतरला. पण आत्याने दहा घरी सांगितलं होतं, आणि पुढच्या कॅम्पला त्या आळीतली एक बाई गेली नाही.

मग ते फिरवलं तिथल्या आशाताईंनी. त्या दारोदार गेल्या आणि लस चांगली आहे, घ्या, असलं काही बोललेच नाहीत म्हणे. थेट म्हणाल्या, "ताप येणार. आंग मोडून येणार. पॅरासिटामॉलची गोळी देऊन ठेवते, दुसऱ्या दिशी भांगलायला जायाचं नाय. तिसऱ्या दिशीबी डोकं दुखायचं थांबलं नाय तर मला हाक मारायची, रात्र असली तरी." बाया गेल्या. ज्या बायकोला नवरा नाही म्हणत होता तीही गेली. त्याच आशाताई जूनमध्ये मानधनासाठी राज्यभरातल्या आशांबरोबर संपावर होत्या, हेही लक्षात ठेवा.

आता याच्या उलट बघा. नोव्हेंबर २०२१, औरंगाबाद जिल्हा. लसीकरण मागे पडलं म्हणून प्रशासनाने आदेश काढला की किमान एक डोस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, गॅस नाही. हेतू वाईट नव्हता. पण ज्याला आधीच शंका आहे त्याच्या ताटावर हात ठेवला तर तो सुई घेईलही, पण त्याची शंका जाणार नाही, ती आतच राहणार आणि २०२४ मध्ये बातमी आली की दुप्पट होऊन बाहेर येणार. सुप्रीम कोर्टाने २ मे २०२२ ला निकाल दिला की कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, आणि त्याच निकालात सरकारचं लसीकरण धोरण अवाजवी नाही असंही म्हटलं, शिवाय दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली करा असंही सांगितलं. तिन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत, पण लसीच्या बाजूचे एक उचलतात, विरोधातले दुसरी, आणि तिसरी कुणीच उचलत नाही.

दोन डोसमधलं अंतर आठवतंय? आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, १३ मेला बारा ते सोळा. आत्या दुसऱ्या डोसला गेली तर तिला परत पाठवलं. आता शास्त्र काय म्हणत होतं, तर ऑक्सफर्डच्याच अभ्यासात बारा आठवडे किंवा जास्त अंतर ठेवलं तर परिणामकारकता ८१ टक्क्यांच्या आसपास आणि सहा आठवड्यांच्या आत दिलं तर ५५ च्या आसपास दिसली होती, तेव्हा अंतर वाढवणं योग्यच होतं. पण लशीचा तुटवडाही होता ना, ३० एप्रिलपासून तीन दिवस मुंबईत लसीकरण बंद होतं हे सगळ्यांनी बघितलंय. शास्त्रही खरं, तुटवडाही खरा. फक्त पहिलं सांगितलं आणि दुसरं गिळलं, की ऐकणारा पहिल्यावरही विश्वास ठेवत नाही.

बूस्टरचंही, म्हणजे तिसऱ्या डोसचंही तेच. १० जानेवारी २०२२ ला सुरू झाला तेव्हा नाव काय दिलं, प्रिकॉशन डोस. एप्रिलमध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना, पण प्रायव्हेटमध्ये २२५ रुपये अधिक सर्व्हिस चार्ज देऊन, मग जुलैमध्ये पंच्याहत्तर दिवस फुकट. नऊ महिन्यांचं अंतर सहावर आलं. लोक विचारत होते की ओमायक्रॉन तर लस घेतलेल्यांनाही झाला, मग पुन्हा तीच लस कशाला? हा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. आपण घेतलेली लस मूळ वुहानच्या विषाणूवर बेतलेली, आणि ओमायक्रॉनच्या स्पाइकमध्ये, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या काट्यांमध्ये, तीसपेक्षा जास्त बदल. अँटीबॉडी म्हणजे वाड्याच्या दारावरचा राखणदार समजा, त्याला जुना चेहरा दाखवलाय, नवा वेश करून आलेला तो ओळखत नाही, आत सोडतो, म्हणून संसर्ग होतो. पण आत टी-सेल नावाच्या पेशी आहेत, ती घरातली जुनी माणसं, चाल बघून ओळखतात, म्हणून आजार बहुतेकांचा अंथरुणावर निभावतो, ऑक्सिजनपर्यंत जात नाही. लस घेतली की कोरोना होणारच नाही, असं सुरुवातीला जे सांगितलं गेलं ते चुकीचं सांगितलं. ती मरणापासून वाचवते हे सांगायला हवं होतं, तेवढंही खूप मोठं होतं. ओमायक्रॉनवर बेतलेला बूस्टर आपल्याकडे जून २०२३ मध्ये मंजूर झाला, पुण्यातल्याच जेनोवा कंपनीचा, तोपर्यंत बहुतेकांनी तो विषयच सोडून दिला होता.

आणि तो हार्ट ॲटॅकचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो. क्रिकेट खेळताना पोरगा कोसळला, लग्नात नाचताना कोसळला. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्याशी मी आकड्यांनी भांडणार नाही. पण एवढं बघा की अठरा वर्षांवरच्या जवळजवळ प्रत्येकाने लस घेतलीय, त्यामुळे आज कुणीही कशानेही गेला तरी तो लस घेतलेलाच निघणार. म्हणून नुसतं मोजून चालत नाही, तुलना करावी लागते. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, ती केली, देशातली ४७ हॉस्पिटलं, १८ ते ४५ वयाचे अचानक गेलेले ७२९ जण आणि त्यांच्याच वयाचे, त्याच भागातले २९१६ जिवंत लोक. दोन डोस घेतलेल्यांमध्ये अचानक मृत्यूची शक्यता कमी दिसली, वाढलेली नाही. वाढलेली कुणात, तर कोविडमुळे ॲडमिट झालेले, घराण्यात असा मृत्यू झालेला, शेवटच्या दोन दिवसांत भरपूर दारू प्यायलेले किंवा जोरदार व्यायाम केलेले.

हे असं आपल्याकडे पहिल्यांदा नाही होत. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस ती बनवणाऱ्या शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिननी १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरी १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली, हाफकिनवर ठपका आला, आणि ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. पाच वर्षं. तेवढ्या वेळात भीती किती गावं फिरून आली असेल.

मी त्याच रविवारी आत्याला परत फोन लावला. चाळीस मिनिटं बोललो, टीटीएस, प्लेटलेट, दहा लाखांमागे किती, सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत होती, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "मग हे तवाच का नाही सांगितलं? मी तरीबी घेतली असती."

मग तिने विचारलं की शुगरवाल्यांनी फ्लूचं इंजेक्शन घ्यावं असं तिचे डॉक्टर म्हणतायत, ते घेऊ का. मी म्हटलं डॉक्टरांना विचार, ताप येतो का, किती दिवस येतो, काय झालं तर लगेच परत यायचं, आणि शुगरच्या गोळ्या त्या दिवशी चालू ठेवायच्या का. ती म्हणाली थांब, लिवून घेते. किराणा दुकानाचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला सुनेकडून चारही प्रश्न लिहून घेतले, आणि मला म्हणाली पुन्हा एकदा सांग, तिसरा काय होता.