ब्रह्मपुरीच्या चुलीवर काय शिजायचं?

(दृश्य: पंचगंगा घाट, मागे ब्रह्मपुरीचं टेकाड)

हे कोल्हापुरातलं ब्रह्मपुरीचं टेकाड. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. विटांची घरं, मणी, नाणी. ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्तीही ब्रह्मपुरीचीच. वीतभराहून लहान, पण टाऊन हॉल संग्रहालयात लोक थबकतात ते तिच्याचसमोर.

आपण मात्र त्या घरांतल्या माणसांकडे वळूया. ती बाजारात जाताना काय घेऊन जायची?

(दृश्य: धनुष्यबाणाचं नाणं, जवळून)

शिशाची नाणी. कोल्हापुरात सापडलेल्या या नाण्यांवर धनुष्यबाण आहे आणि भोवती प्राकृतात राजाचं नाव : 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस'. वासिष्ठीचा पुत्र. दुसरा राजा माढरीचा पुत्र, तिसरा गौतमीचा. बापाचं नाव कुठेच नाही! मग इथे बायकांचं राज्य होतं का? तसं नव्हे. गादी बापाकडून मुलाकडेच जायची. राजाला अनेक राण्या असत, तेव्हा हा कोणत्या राणीचा मुलगा हे आईच्या नावावरून कळायचं, असं एक कारण अभ्यासक सांगतात. तरीही विचार करा, बाजारात मीठ घेताना प्रत्येकाच्या हातात कुणाच्या तरी आईचं नाव असायचं. आम्हाला या टेकाडाची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

आणि जेवण? कोल्हापूरकरांना हे पचायला जड जाईल, पण तेव्हा तांबडा रस्सा नव्हता. मिसळ नव्हती, शेंगदाण्याची चटणी नव्हती. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज आल्यानंतर ते आपल्याकडे रुजत गेलं. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं.

(दृश्य: रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे)

सातवाहनांच्या वस्तीवरच्या थरांत बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या सापडल्या. एकाच बांगडीत अनेक रंग. साधारण १४व्या-१५व्या शतकातल्या. म्हणजे खालच्या वस्तीनंतर हजाराहून अधिक वर्षं उलटली होती. राजे बदलले, भाषा बदलली, नाणी बदलली. पण ही बांगडी घालून चुलीपुढे बसणाऱ्या बाईलाही मिरची ठाऊक नव्हती. तिच्याही पाट्यावर मिरीच वाटली जायची.