कारखाना गावात असला की उत्पादकता का बदलते

ग्रामीण भागातल्या कारखान्याचं आउटपुट कमी दिसलं की कोणीतरी पटकन बोलून जातं, तिथल्या लोकांना कामाची सवयच नाही. मला हे अजिबात मान्य नाही. तोच ऑपरेटर, तेच मशीन उचलून शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत नेऊन बसवा, आकडे बदलतात. कशामुळे बदलले ते शोधायचं तर गेटच्या बाहेर बघावं लागतं.

समजा हायड्रॉलिक प्रेसचं सील, म्हणजे तेल गळू न देणारी रिंग, गेलं. वसाहतीत असाल तर फिटर साइज बघून फोन करतो, स्टॉकिस्ट जवळच असतो, तास-दोन तासांत प्रेस परत चालू. लांबच्या गावात तेच सील आणायला दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस जातो, संध्याकाळी परत येतो आणि साइज थोडी चुकली की आणखी एक दिवस गेला, आणि हे सगळं होईपर्यंत पुढच्या ऑपरेशनचे लोक हातावर हात धरून बसलेले, पगार मात्र चालू. खरी दुरुस्ती अर्ध्या तासाची, बाकी सगळी वाट बघणं. ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये या दोन वेळा वेगळ्या लिहिल्या ना, तर अर्धा वाद तिथेच संपेल. मग मालक काय करतो, सगळे स्पेअर स्टोअरमध्ये भरून ठेवतो. डाऊनटाइम वाचला, पण भांडवल रॅकवर अडकलं. म्हणजे एकतर कामगारामागे माल कमी निघतो, नाहीतर तेवढ्याच मालाला पैसा जास्त लागतो.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच हे मांडलं होतं की एका धंद्याचे कारखाने जवळजवळ आले की कसबी माणसं सहज मिळतात, पूरक धंदे उभे राहतात आणि कामातल्या युक्त्या एकमेकांकडे पसरतात. पुढे १९९६ मध्ये सिकोन आणि हॉल या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेचे आकडे घेतले, फक्त कारखानेच नाही तर बाकीचे धंदेही धरून, आणि त्यांना दिसलं की एखाद्या ठिकाणची रोजगाराची घनता, म्हणजे तेवढ्याच जागेत काम करणाऱ्यांची संख्या, दुप्पट झाली तर श्रमाची उत्पादकता साधारण ६ टक्क्यांनी वाढते. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण विरळ तालुका आणि दाट शहर यांच्यात एकदाच नाही, कितीतरी वेळा दुप्पट होण्याएवढं अंतर असतं.

यावर एक शंका येतेच की शहरात स्पर्धा जबरदस्त, कमकुवत कारखाने बंद पडतात, म्हणून उरलेले चांगले दिसत असतील. फ्रान्सच्या आकड्यांवर २०१२ मध्ये हे तपासलं गेलं, आणि या छाटणीमुळे फरक पडल्याचं जवळपास काहीच दिसलं नाही, फायदा आला तो जवळ असण्यातूनच. अमेरिकेतला २०१० चा अभ्यास मला त्याहून आवडतो. एक मोठा कारखाना मिळवायला अनेक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे भाग) झटत होत्या, काही थोडक्यात हरल्या. जिथे तो आला तिथल्या आधीपासूनच्या कारखान्यांची उत्पादकता पाच वर्षांनी, हरलेल्या ठिकाणांच्या तुलनेत, सुमारे १२ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि जास्त फायदा कोणाला, तर ज्यांना त्याच प्रकारचे कामगार आणि तंत्र लागतं त्यांना. शेजार कसला आहे हेही बघावं लागतं.

आता म्हणून सगळ्यांनीच शहर गाठावं का? नाही. जागा महाग, त्यामुळे शेड मजल्यांवर चढतं आणि माल लिफ्टने वरखाली फिरत राहतो, ट्रक ट्रॅफिकमध्ये अडकतो, विस्तार करायला जागा नाही. सिमेंटला चुनखडीजवळच जावं लागतं, साखर कारखान्याला उसाजवळ, कारण तोडलेल्या उसातली साखर पडून राहिली की घटत जाते. नवीन प्रॉडक्टचं मात्र वेगळं आहे. डिझाइन रोज बदलतंय, डाय, म्हणजे साचा, परत परत करावी लागतेय, आज प्लेटिंगवाला हवा तर उद्या हीट ट्रीटमेंटवाला, तेव्हा शहराला पर्याय नाही, पण प्रोसेस एकदा बसली की तोच माल गावाकडच्या मोठ्या शेडमध्ये जास्त किफायतशीर पडतो. ड्युरांटन आणि पुगा या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये याच धर्तीचं मांडलंय, फक्त त्यांच्या मांडणीत प्रोसेस बसल्यावर कारखाना नाना धंद्यांच्या शहरातून एकाच धंद्याच्या, कमी खर्चाच्या शहरात जातो.

भारतातही असंच काहीसं आढळलंय, संघटित क्षेत्रातले कारखाने शहरांतून ग्रामीण भागाकडे सरकले आणि असंघटित, लहान युनिट्स शहरांकडे. मला यात नवल वाटत नाही. मोठा कारखाना स्वतःचं सबस्टेशन, स्वतःची टूलरूम (जिथे डाय आणि हत्यारं बनतात, दुरुस्त होतात), स्वतःची मेंटेनन्स टीम उभी करू शकतो, शेजाऱ्याची गरज त्याला कमी. दहा माणसांच्या युनिटला हे परवडत नाही, त्याला सगळं बाहेरूनच घ्यावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, लहान उद्योग गावात टिकवायचे असतील तर स्वस्त जमीन देऊन भागणार नाही. एकाच प्रकारची युनिट्स एका जागी आणा, त्यांना मिळून वापरता येईल अशी टूलरूम द्या, व्होल्टेज स्थिर ठेवा आणि जवळच्या शहराचा रस्ता असा करा की स्पेअर त्याच दिवशी पोचेल.