उशाशी ठेवलेली भाकर

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

माझी पत्नी वारली त्या आठवड्यात घरी माणसांची रीघ होती. येणारा जवळजवळ प्रत्येक जण रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायातले २८ वे वचन ऐकवायचा: देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळे मिळून कल्याणकारक होते. वचन खरेच आहे. पण चौथ्या दिवसापासून ते कानावर पडले की मी उठून मोरीत तोंड धुवायला जायचो. समोरच्या घरातल्या मावशी मात्र काहीच बोलल्या नाहीत. सकाळी डबा ठेवायच्या, संध्याकाळी रिकामा डबा न्यायला यायच्या. ज्वारीची भाकरी, पिठले, कागदात गुंडाळलेली मिरची. तीन आठवडे. त्या काळात देव जवळ असल्याचे मला एकदाही 'जाणवले' नाही, हे मी मंडळीसमोर सांगतो. भूक मात्र लागू लागली.

म्हणून मला बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाकडे जायचे आहे. एलीया हा देवाचा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या संदेष्ट्यांवर जिंकलेला माणूस. तरी त्याला मारून टाकीन असा ईजबेल राणीचा निरोप आला आणि तो पळाला. चाकराला बैरशेबात सोडले, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला, प्रभू, आता पुरे, माझा जीव घे. संदेष्टा मरण मागतो आहे. आणि देवदूत त्याला काय सांगतो? ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो! देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढचा पल्ला मोठा आहे. 'तुझा विश्वास कुठे गेला' हा प्रश्न तिथे नाही. तो आपण विचारतो, तोही दुखवट्याच्या घरी बसून.

मग होरेब, देवाचा डोंगर. वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी देवाची ती मंद वाणी. आपली प्रवचने बहुधा इथे थांबतात. पुढे वाचा. वाणीच्या आधी एलीयाने जी तक्रार केली होती, मीच एकटा उरलो आहे आणि हे माझ्या जिवावर उठले आहेत, तीच तो वाणीनंतर पुन्हा करतो, जवळजवळ शब्दाला शब्द. देवाची भेट झाली आणि दुःख तिथल्या तिथे विरघळले, असे शास्त्र म्हणत नाही. स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला कोणी गोड शेवट जोडला नाही आणि पुस्तकातून काढलेही नाही.

योहानाच्या १४ व्या अध्यायात येशू पवित्र आत्म्याला काय म्हणतो? आपल्या मराठीत शब्द आहे 'कैवारी'. मला तो फार आवडतो. कैवार घेणारा माणूस समजूत घालत बसत नाही, तो आपल्या बाजूला येऊन उभा राहतो. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र आधी तेच करत होते. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, शब्द काढला नाही. बोलू लागले आणि सगळे बिघडले.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. आईचे काम पुढे चालवणारी तीच होती. केडगावात तेव्हा रमाबाईंचे बायबलचे भाषांतर चालू होते, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. छपाईच्या कामात त्यांच्या मुक्ती आश्रमातल्याच बायका. बाईंच्या मनात काय चालले असेल, ते मी बनवून सांगणार नाही. पण काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

एलीयालाही देवाने कामच दिले. दुसऱ्यांदा तक्रार ऐकून घेतली, तिला उत्तर म्हणून परत फिरायला सांगितले, तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत म्हणाला आणि एक नावही दिले. तो माणूस, एलीशा, शेतात बारा जोड्या बैलांनी नांगरत होता. एलीयाने जाता जाता आपला झगा त्याच्यावर टाकला. एलीशाने बैलांची जोडी कापली, नांगराच्याच लाकडांवर मांस शिजवले, लोकांना जेवू घातले आणि एलीयाच्या मागे चालू लागला.